भिंतीवरचे विक्रम

शाळेत असताना मैदान गाजविलेला मुलगा पुढे त्याच शाळेत प्रशिक्षक होऊन येतो, तेव्हा तो मुलांना काय देतो? स्वतःची कीर्ती, की त्या कीर्तीच्या अपुरेपणाची जाणीव? टॉमस कार्टर यांनी दिग्दर्शित केलेला 'कोच कार्टर' (२००५) हा अमेरिकन चित्रपट या प्रश्नाला हात घालतो. परंतु तो पुरता तडीस नेत नाही.

कथेला सत्याचा आधार आहे. कॅलिफोर्नियातील रिचमंड हायस्कूलचे एके काळचे नामांकित खेळाडू केन कार्टर यांनी जानेवारी १९९९ मध्ये आपल्याच अपराजित बास्केटबॉल संघाला क्रीडागृहाची दारे बंद केली. कारण काही मुलांनी लेखी करारात कबूल केलेले गुण मिळविले नव्हते. चारपैकी २.० ही सरासरी नियमाला पुरेशी होती. कार्टर यांनी २.३ मागितली होती. या तीन दशांशांतच सारे मर्म आहे. किमान पात्रतेवर फाईल निकालात काढणाऱ्या आम्हां नोकरदारांना ते विशेष बोचावे.

सॅम्युएल जॅक्सन यांनी रंगविलेला करडा प्रशिक्षक संस्मरणीय आहे. आपली पात्रता विचारू पाहणाऱ्यांना तो भिंतीवर लावलेल्या आपल्या विक्रमांकडे बोट दाखवितो. येथे मोठी संधी होती. ज्याचे नाव भिंतीवर आहे, त्यालाच त्या भिंतीचे खरे मोल ठाऊक असते. पण त्या नावाने त्याला पुढे काय दिले आणि काय दिले नाही, हे पटकथा विचारीतच नाही.

दुसरी उणीव याहून मोठी. एका मुलाला शिक्षा म्हणून अडीच हजार दंड काढावयाचे असतात. ते अपुरे राहतात, तेव्हा सोबती त्याचा भार वाटून घेतात. हा प्रसंग हृद्य आहे. मात्र हीच मुले गणिताशी झुंजताना क्वचितच दिसतात. घाम दाखविला जातो, अभ्यास सुचविला जातो. आणि मुले महाविद्यालयांत गेल्याची वार्ता अखेरच्या अक्षरांतून कळते.

तरीही एका दृश्यासाठी हा चित्रपट पाहावा. शाळामंडळ बहुमताने कुलूप काढावयास लावते आणि प्रशिक्षक राजीनाम्याच्या तयारीने क्रीडागृहात येतो. पाहतो तो मुले तेथे बाके मांडून अभ्यास करीत बसलेली! शेवटचा सामना ती हरतात. परंतु प्रशिक्षकाचे खरे यश त्या बाकांवर आधीच सिद्ध झालेले असते.