गर्दीचा आवाज कुणाच्या हाती?

दूरचित्रवाणीवरील राजकीय सभेचे मूल्यमापन आपण बहुधा वक्त्याच्या शब्दांवरून करतो. परंतु त्या शब्दांमागे ऐकू येणारा जनसमुदायाचा कोलाहल हादेखील त्या सादरीकरणाचा अर्धा भाग असतो. व्यासपीठावरील माईक वक्त्याचा आवाज टिपतो. गर्दीसाठी वेगळे माईक लावावे लागतात. या दोहोंचे प्रमाण ध्वनिसंयोजक ठरवतो, आणि तो पडद्यावर कधीच दिसत नाही.

हे प्रमाण बिघडले म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १९ जानेवारी २००४ रोजी आयोवा राज्यातील पक्षांतर्गत लढतीत तिसरे आलेले हॉवर्ड डीन समर्थकांपुढे बोलत होते. सभागृहातील जल्लोषात त्यांचा आवाज बुडून जात होता. मात्र त्यांच्या हातातील माईक केवळ जवळचाच आवाज घेणारा होता. त्यामुळे घरोघरी गर्दी जवळजवळ नाहीशी झाली आणि उरला तो एकट्या माणसाचा चीत्कार. काही दिवसांनी एबीसी वाहिनीने सभागृहातील आवाजासह तो प्रसंग दाखवला. पण तोवर डीन यांचे हसे होऊन गेले होते.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, शिवसेनेतील फुटीनंतरच्या पहिल्या दसऱ्याला, उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर आणि एकनाथ शिंदे वांद्रे-कुर्ला संकुलात बोलले. कुणाकडे लोक अधिक, हाच त्या संध्याकाळचा खरा वाद होता. अशा वेळी पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी मांडता येतात. दोन आवाज मात्र तसे मांडता येत नाहीत. एक ऐकवायचा तर दुसरा दाबावाच लागतो. त्यातच मोठ्या सभांचे चित्रीकरण अनेकदा पक्षच करवून घेतो आणि तेच वाहिन्यांना पुरवतो. मग टाळ्या किती मोठ्या ऐकू याव्यात, हे वक्त्याचीच माणसे ठरवणार!

वाचकहो, आपल्या तालुक्यातील मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेत जो उभा राहिला आहे, त्याला गर्दीचा खरा आवाज ठाऊक आहे. त्यात कुजबुज असते, मुलांचे रडणे असते, कंटाळाही असतो. दूरचित्रवाणीवरील गर्दी मात्र केवळ जयघोषच करताना ऐकू येते. मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चामोर्शीच्या मतदाराला शिवाजी पार्कवर जाऊन खातरजमा करता येत नाही. त्याच्यासाठी पडदा हाच एकमेव साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने पदरचे काही घालू नये, तसेच ऐकलेले काही लपवूही नये.

म्हणून वाहिन्यांकडून दोन अपेक्षा रास्त ठरतात. चित्रीकरण पक्षाचे असेल तर तसे पडद्यावर लिहावे. आणि भाषण सुरू असताना गर्दीचा आवाज सोयीनुसार वरखाली करू नये. जेथे लोक गप्प राहिले, तेथे ते गप्पच ऐकू यावेत. कारण ते मौन हेदेखील जनतेचे मतच आहे.