‘12.7 दाखवतेय ना, मग घ्या!’

संशोधन आराखड्यात ‘जे मोजायचं आहे ते’ आणि ‘जे सहज मोजता येतं ते’ यांची गल्लत फार होते. आज उदाहरणाला कुठला प्रबंध घेत नाही, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ऐकलेला एक सल्ला घेतो: “होडीला नवी बॅटरी कशाला? यूपीएसमधून काढलेली घ्या. 80 टक्के क्षमता शिल्लक असतानाच बदलतात ते लोक. मल्टीमीटर लावायचा, 12.7 व्होल्ट दाखवली की पैसे द्यायचे.”

सल्ला वेडगळ नाही. नव्या बॅटरीचा खर्च छोट्या नाखव्याला जड जातो, आणि जुन्यांत चांगल्या बॅटऱ्या खरंच सापडतात. माझा आक्षेप आहे तो पुराव्यावर.

आधी 80 टक्के. हा आकडा हवेतला नाही. स्थिर बॅटरी-संचांसाठीच्या आयईईई 450 या मानकात क्षमता 80 टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदला, अशी शिफारस आहे. का? तर तिथून पुढे घसरण वेग घेते म्हणून. म्हणजे मानकात जी धोक्याची खूण आहे, तीच विक्रेत्याच्या तोंडी ‘शिल्लक माल’ होते! आकडा तोच, पण संदर्भ गळाला. शिवाय काढताना ती 80 टक्क्यांवर होती हे मोजलं कोणी? ठरलेली वर्षं भरली म्हणून काढली असेल, किंवा एकीने दगा दिला म्हणून सगळा संच उतरवला असेल.

आता 12.7 व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी काही तास न वापरता ठेवल्यावर हा व्होल्टेज दिसला, तर ती पूर्ण चार्ज आहे एवढंच कळतं. क्षमता किती उरली, ते कळत नाही. गाळाने अर्धी भरलेली विहीरसुद्धा काठोकाठ दिसतेच की. आणि गंमत पुढे आहे. यूपीएसमधल्या बॅटऱ्या बहुतेक सीलबंद असतात. वर्षानुवर्षं चार्जिंगवर राहून आतलं पाणी आटतं, ॲसिड दाट होतं आणि व्होल्टेज किंचित वाढतो. म्हणजे सुकत चाललेली बॅटरी मल्टीमीटरवर उलट छान दिसू शकते. निर्देशक नुसता कच्चा नाही, कधीकधी उलट्या दिशेने बोलतो.

माझ्या आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात मीही ‘चांगल्या स्थितीतील बॅटऱ्या’ असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: “कशावरून?” दोन आठवडे उत्तर नव्हतं.

उत्तर कंटाळवाणं आहे: बॅटरी उतरवून बघा. 100 अँपिअर-तासांची, 10 तासांच्या दराने मोजलेली बॅटरी पूर्ण चार्ज करायची, 10 अँपिअरचा भार लावायचा, 10.8 व्होल्टला थांबायचं आणि घड्याळ बघायचं. आठ तास चालली तर 80 टक्के. चार तासांत बसली तर 40. समुद्रात हा फरक काय करतो? समजा दिवे, जीपीएस, वायरलेस आणि अधूनमधून पाणी उपसणारा पंप मिळून सरासरी 5 अँपिअर लागतात. आठ तासांच्या रात्रीला झाले 40 अँपिअर-तास. पहिली बॅटरी सकाळी निम्मी शिल्लक असेल. दुसरी नेमकी पहाटे बसेल, आणि तिच्याबरोबर पंपही. किनाऱ्यावर मात्र दोघी 12.7च दाखवत होत्या.

ही चाचणीही पुरी नाही बरं का. ती आजची क्षमता सांगते, घसरणीचा वेग सांगत नाही. त्यासाठी महिन्याभराने पुन्हा उतरवून बघावं लागेल, आणि विक्रेता तेवढा थांबत नाही. म्हणून मी ओळखीच्या तांडेलांना सांगितलं, की चाचणी करू दिली तरच घ्या, त्यातली दिव्यांना लावा, आणि पंपासाठी नवीच ठेवा. दोन्ही समांतर मात्र जोडू नका, कारण जुनी बसताना नवीलाही रिकामी करते. ते म्हणाले, “म्हणजे दोन बॅटऱ्या? मग स्वस्त काय झालं?”

हिशोब अजून मांडतोय.