प्राथमिक आरोग्यसेवा आणि परिचारिकेचा अधिकार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ग्रामीण भागातील डॉक्टरांची उणीव परिचारिकांनी भरून काढावी, हा विचार आरोग्य धोरणात वारंवार मांडला जातो. मात्र परिचारिकेला जबाबदारी देणे आणि अधिकार देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे महाराष्ट्रातील व्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

अमेरिकेतील अनुभव :
लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात बालआरोग्यासाठी परिचारिकांचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९७३ च्या कायद्याने तेथे व्यवस्थापित आरोग्यसेवेला चालना मिळाली. ठरावीक वर्गणीत सभासदाची काळजी घेणाऱ्या संस्थांना पहिल्या पायरीवरील वेळेवर उपचार लाभाचे ठरतात. न्यूयॉर्कमधील १३१६ रुग्णांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिका व डॉक्टर यांच्या रुग्णांची प्रकृती सहा महिन्यांनंतर सारखीच आढळली. हा निष्कर्ष नेहमी उद्धृत होतो, त्यामागील अट मात्र विसरली जाते. त्या परिचारिकांना डॉक्टरांइतकेच अधिकार होते.

महाराष्ट्रातील परंपरा :
डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील प्रयोगात गावपातळीवरील आरोग्यदूतांनी नवजात बालकांतील जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनेही दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. दोन्ही ठिकाणी मर्यादित पण स्पष्ट अधिकार, सततचे प्रशिक्षण आणि पाठीशी उभे असलेले रुग्णालय हे यशाचे मर्म होय.

सद्यःस्थिती :
आयुष्मान भारत योजनेने २०१८ पासून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आणले. परिचर्या पदवीधरांबरोबरच आयुर्वेद पदवीधरही या पदावर आहेत. रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आणि पाठपुरावा त्यांच्याकडे आहे. परंतु औषधयोजना डॉक्टरने ठरवावयाची व त्यांनी ती पुढे चालवावयाची, असे सर्वसाधारण स्वरूप आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ ने मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने तिला कडाडून विरोध केला. अपुऱ्या प्रशिक्षणाचा त्यांचा आक्षेप गैरलागू नाही. परंतु त्याचे उत्तर प्रशिक्षण वाढविणे हे आहे, रुग्णाला तिष्ठत ठेवणे हे नव्हे.

दुसरा दोष रचनेत आहे. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालणारी ही योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते. म्हणजे उमरी तालुक्यातील शेतमजुराला हृदयविकारासाठी विमा आहे, पण तो विकार टाळणारा रक्तदाबाचा नियमित उपचार त्या विम्याच्या कक्षेबाहेर आहे. पहिली पायरी आणि शेवटची पायरी यांचा हिशेब स्वतंत्र राहिल्याने आजार टाळण्याचा लाभ कोणाच्याच खात्यात जमा होत नाही.

समारोप :
परिचारिका ही डॉक्टरची स्वस्त पर्यायी व्यक्ती नसून आरोग्यसेवेचे पहिले दार आहे. निश्चित औषधसूची, कायद्याचे संरक्षण, स्थिर नेमणूक आणि विमा योजनेशी जोड या चार गोष्टींवाचून ते दार नावापुरतेच उघडे राहील, असे म्हणावे लागते.