'आगकाड्यांची मौज' : दादासाहेब फाळके यांच्या सचेतनकलेची चिकित्सा

दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांची चर्चा मराठीत विपुल झाली. त्यांच्या लघुपटांकडे मात्र बहुधा पूरक करमणूक म्हणूनच पाहिले गेले. १९१५ सालचा 'आगकाड्यांची मौज' हा त्यांपैकीच एक. निर्जीव आगकाड्यांना पडद्यावर चालते-बोलते नव्हे, पण निदान हालते करणारा हा मूकपट आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्याच्या मूल्यमापनासाठी निर्मितिप्रक्रियेचाच आधार घ्यावा लागतो.

मूकपट सेकंदाला साधारणतः १६ चौकटी या गतीने चालत. हाताने फिरवायच्या तत्कालीन कॅमेऱ्यात मूठ एकदा फिरविली की बहुधा ८ चौकटी चित्रित होत. सचेतनपटात मात्र एक चौकट घ्यावयाची, थांबावयाचे, काडी किंचित सरकवावयाची आणि पुन्हा एक चौकट घ्यावयाची. मिनिटभराच्या खेळासाठी ९६० चौकटी! मध्येच काडीला धक्का लागला वा प्रकाश बदलला, तर तो दोष पडद्यावर उमटणारच.

हा संयम फाळक्यांनी आधीच कमावला होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि ती फीत दाखवून भांडवल मिळविले. 'रोज एक चौकट, महिनाभर' अशी या चित्रणाची आख्यायिका सांगितली जाते. ती गणितात बसत नाही. ३० चौकटी पडद्यावर २ सेकंदही टिकणार नाहीत. रोपाची वाढ प्रेक्षकाला दिसावयाची, तर दिवसाकाठी अनेक चौकटी घेणे भाग होते. प्रत्यक्ष कष्ट आख्यायिकेहून मोठे असताना तीच निमूटपणे उतरविली जावी, याचे नवल वाटते.

अग्रक्रमाचा दावा येथे करता येत नाही. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच आगकाड्यांचा चित्रपट केला होता. त्याच वर्षीच्या 'फँटासमागोरी'साठी त्यांनी सुमारे ७०० रेखाचित्रे काढली. परंतु कोल व्यंगचित्रकलेतून आले होते. फाळक्यांची पूर्वपीठिका वेगळी होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, शिलामुद्रण यांबरोबरच 'प्रोफेसर केळफा' या नावाने केलेले जादूचे प्रयोगही त्यांच्या गाठीशी होते. जादूगार आपला हात प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवतो. सचेतनपटात तो हात दोन चौकटींच्या मधल्या अवकाशात लपतो. फाळक्यांनी कॅमेऱ्याकडे नोंद करणारे यंत्र म्हणून न पाहता करामतीचे साधन म्हणून पाहिले, ते याच संस्कारामुळे.

'लंकादहन' (१९१७) मधील हनुमंताचे उड्डाण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्याचे श्रेय सहसा प्रेक्षकांच्या श्रद्धेला दिले जाते, आणि श्रद्धेचा वाटा होताच. तथापि, आकाशात दूर जाताना लहान होत जाणारी ती आकृती ज्या हिशेबाने साधली, तो हिशेब कुंडीतल्या वाटाण्यापासून सुरू झाला होता.