चिखलाला पुरून उरणारा जोडा

बूट पारखायचा तर आधी उलटा धरावा. दुकानदार पंजाची चकाकी दाखवत असतो, तोवर आपण तळ बघून घ्यावा. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडच्या माणसाला तर हे टाळताच येत नाही. इथली काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पाऊल अडकेल एवढ्या भेगा पाडते. जुलैत सोयाबीनच्या वावरातून धुऱ्यापर्यंत जाऊन आलं की दोन्ही पायांना चिखलाचे लोंदे लटकलेले असतात. अशा मातीत तळावरच्या खाचा किती खोल, यापेक्षा त्या किती रुंद आणि कडेला किती मोकळ्या, हे आधी बघावं. बारीक नक्षीत चिखल गच्च बसतो आणि थोडं चालताच तळ गुळगुळीत होतो. खाचा ऐसपैस आणि कडेकडे उघडत जाणाऱ्या असल्या, तर पाऊल टाकताना तळ वाकतो आणि त्या वाकण्यानेच चिखल सुटून पडतो. चांगला तळ चालता चालता स्वतःला झाडतो. ही करामत ज्याने साच्यात उतरवली, त्याने चिखल नक्की तुडवला असणार.

तळानंतर टाच. टाचेपुढे ठसठशीत पायरी हवी. ट्रॅक्टरच्या पायदानावर किंवा शिडीच्या दांड्यावर ओला पाय याच पायरीने अडतो. सपाट तळाचा बूट तिथे दगा देतो.

पावसाळ्याचा राजा मात्र काळा गमबूट. देखणेपण त्याच्या वाट्याला आलेलं नाही, तरी त्याची रचना मला फार आवडते. शिवण नाही, म्हणजे पाणी आत यायला फट नाही. नळी पोटरीपर्यंत, आणि घोणस किंवा नाग बहुतेक वेळा चावतो तो गुडघ्याच्या खालीच. गवताळ धुऱ्यावर पहाटे पाणी बघायला जाणाऱ्याला यापरतं स्वस्त चिलखत नाही. घेताना घोट्यापाशी दाबून बघावं. तिथे सैल असेल, तर चिखल बूट ठेवून घेतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. धानाच्या बांधीत रोवणीला मात्र गमबुटाचा आग्रह धरू नये. त्या गाळात उघडा पायच मोकळा चालतो. आंभोऱ्याकडे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात डोंगा घालणाऱ्यानेही गमबूट काठावरच काढून ठेवावा. पाण्यात पडल्यावर भरलेला बूट पाय मारू देत नाही.

फवारणीची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजुरांचा जीव गेला. औषध मारताना चामड्याचा बूट नको. चामडं औषध शोषून घेतं आणि मग कितीही धुतलं तरी ते पुरतं निघत नाही. गमबूटच घालावा, आणि पॅन्ट त्याच्या आत न खोचता बाहेरून सोडावी. खोचली तर कपड्यावरून ओघळणारं औषध थेट बुटात उतरतं. वावरात नेमकं उलटंच दिसतं, कारण खोचलेली पॅन्ट मळत नाही!

हिवाळा लागला, मिरचीचा तोडा सुरू झाला, की चामड्याच्या बुटाची पाळी. शेजारच्या उमरेडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराला पोलादी टोपीचा बूट लागतो. भारतीय मानक आयएस 15298 नुसार ती टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभरावरून पडलं तरी बोटं वाचावीत. शेतकऱ्याला हे वजन उगाच वाहायचं कारण नाही. त्याने चामडं बघावं. अंगठ्याने दाबून वाकवलं की अस्सल वरच्या थराच्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडताच विरतात. खालच्या थरावर प्लास्टिकचा मुलामा चढवलेला असेल, तर चकचकीत पापुद्रा जाड घडी घालतो, आणि वैशाखाच्या उन्हात तिथेच तडकतो.

माझा कौल शिवलेल्या तळाला. चिकटवलेला किंवा साच्यात ओतलेला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ हलका असतो, पायाला मऊ लागतो, पण हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजतो. दिवाळीला घेऊन ‘नंतर घालू’ म्हणून चार-पाच वर्षं माळ्यावर ठेवलेला बूट पहिल्याच दिवशी भुसा होऊन गळतो, तो यामुळे. शिवलेला तळ झिजला की मोची रापी-आरी घेऊन बसतो आणि नवा तळ चढवून देतो. वरचं चामडं पायाच्या वळणाला सरावलेलं असतं, ते तसंच राहतं. ही सोय असलेला बूट जरा महाग पडला तरी घ्यावा.

निगा फार नाही, पण चुकते हमखास. भिजलेला बूट चुलीजवळ ठेवला की चामडं आकसतं आणि भेगाळतं. आत रद्दी कोंबावी, ती ओली झाली की बदलावी, आणि बूट सावलीत वाऱ्याला ठेवावा. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं म्हणून तेच चोपडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हे तेल हवेत वाळून घट्ट होतं आणि चामडं ताठरतं. एरंडेल वाळत नाही. त्याचा पातळ हात पुरे. शिवणीवर मेण घासावं. आणि सकाळी बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचाच. विंचवाला काळोखी, उबदार जागा फार आवडते.

मापाबद्दल एवढंच, की बूट संध्याकाळी घ्यावा, पाय सुजून पसरलेले असताना, जाड मोजे घालून. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखावर लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपली पावलं युरोपीय पावलांपेक्षा रुंद निघाली. अनवाणी चालून वाढलेला शेतकऱ्याचा पाय तर आणखीच पसरट. लांबीचा आकडा जुळला म्हणून पंजा आवळणारा जोडा घेऊ नका. आणि पैसे एकाच जोडीपुरते असतील, तर चामड्याचा विचार पुढच्या हंगामावर टाका. मृग लागण्याआधी गमबूट घ्या.