१०० ची रेघ तळ्याच्या शेलला कितपत लागू पडते?

शेल ऑईलवर प्रपोजल लिहायला घेतलं की एक आकडा हमखास भेटतो: १००. डॅनियल जार्वी यांनी २०१२ मध्ये एएपीजीच्या मेमॉयर ९७ मध्ये मांडलेल्या ऑईल सॅच्युरेशन इंडेक्सची, म्हणजे ओएसआयची, ही रेघ. नमुना रेघेच्या वर गेला की 'स्वीट स्पॉट', खाली राहिला की बाद, असं लिहून बरेच जण मोकळे होतात. माझं म्हणणं असं की प्राचीन तळ्यांच्या खोऱ्यांत ही रेघ चौकशी सुरू करायला ठीक आहे, निकाल द्यायला नाही.

आधी इंडेक्स समजून घेऊ. रॉक-इव्हॅल यंत्रात खडकाची पूड ३०० अंश सेल्सिअसला तापवली की मोकळं तेल बाहेर पडतं, तो एस१. आणखी तापवल्यावर केरोजेन फुटून जे निघतं तो एस२. एस१ ला १०० ने गुणायचं आणि टीओसीने, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनच्या टक्क्याने, भागायचं. झाला ओएसआय. यामागचा विचार पक्का आहे: केरोजेन स्वतःच तेल धरून ठेवतं, त्याची भूक भागल्यावर उरेल तेच वाहील. नुसता टीओसी बघून खडक चांगला ठरवण्यापेक्षा हे नक्कीच पुढचं पाऊल. पण त्याचा आधार मुख्यतः बाकेन, ईगल फोर्ड, मॉन्टेरे अशा समुद्री खडकांचा आहे. तळ्यात तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण साध्या गणिताची. दोन नमुने कल्पा. एकाचा एस१ ०.६ आणि टीओसी ०.४ टक्के, ओएसआय १५०, पास. दुसऱ्याचा एस१ ५ आणि टीओसी ८ टक्के, ओएसआय ६२.५, नापास. पण पहिल्यात टनामागे ६०० ग्रॅम तेल आहे, दुसऱ्यात ५ किलो. दुसऱ्यातलं बरंचसं तेल केरोजेनला चिकटलेलं असेल, मान्य. तरी पहिल्याला 'आशादायक' म्हणणं कितपत बरोबर? तळ्याच्या शेलमध्ये टीओसी भरपूर असू शकतो, म्हणून हा प्रश्न तिथे जास्त बोचतो. भागाकारासोबत मूळ एस१ दाखवलाच पाहिजे.

दुसरी अडचण मेणाची. तळ्यातल्या शेवाळापासून आणि काठावरच्या झाडांपासून बनलेलं तेल बऱ्याचदा मेणचट असतं. राजस्थानातल्या बाडमेर खोऱ्याचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्राचं तेल तिथल्या जुन्या तळ्यातल्या बाडमेर हिल थरांशी जोडलं जातं. ते इतकं मेणचट आहे की गुजरातपर्यंतची पाइपलाइन गरम ठेवावी लागते. असे जड रेणू ३०० अंशांना पूर्ण निघत नाहीत. ते एस२ मध्ये मोजले जातात आणि तेल असून केरोजेन म्हणून खपतात. उलट हलकं तेल नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उडून जातं. गंमत म्हणजे याचा उपाय जार्वींच्या त्याच लेखात आहे: नमुना द्रावकाने धुऊन पुन्हा मोजा आणि एस१ व एस२ दोन्हींतली घट तेलात धरा. लोकांनी रेघ उचलली, दुरुस्ती तिथेच ठेवली. हा दोष इंडेक्सचा कमी, वापरणाऱ्यांचा जास्त.

तिसरी अडचण थरांची. तळ्याची पातळी हवामानाप्रमाणे लवकर बदलते, म्हणून खडकही पटापट बदलतो. चीनमधल्या जिमसार भागात ल्युत्साओगोऊ थरांतले चांगले पट्टे डोलोमाइटी, गाळवट अशा पातळ थरांत आहेत; शेजारच्या चिखलखडकातून तेल तिथे सरकलंय. मीटरमागे एक नमुना घेतला तर हे थर निसटतील किंवा सरासरीत बुडतील.

आता आपल्याकडे या. लोणखेड्याच्या शेतांखाली नदीचा गाळ, त्याखाली दख्खनचा बेसाल्ट. बेसाल्टच्या थरांमध्ये तळ्यांचे गाळ सापडतात हे खरं आहे. नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणच्या जीवाश्मांवर हिस्लॉप आणि हंटर यांनी १८५५ मध्ये लिहिलंय. पण ते थर सहसा काही मीटरचेच, आणि तेल शिजायला लागतात तितके खोल गाडलेले नाहीत. बेसाल्टच्या खाली मध्यजीव काळाचे गाळाचे खडक असावेत, असं भूभौतिक सर्वेक्षणं सुचवतात. मात्र विद्युतरोधाच्या मोजणीवरून गाळाचा खडक ओळखू येईल, तो तळ्यात साचला की नदीत की समुद्रात, हे कळणार नाही. नर्मदा खोऱ्यात बाघजवळ उघडे पडलेले क्रिटेशस थर नदीचेही आहेत आणि समुद्राचेही. तेव्हा आधी तळं होतं का ते ठरवा, मग जाडी, मग परिपक्वता. ओएसआयचा नंबर त्यानंतर, आणि तोही हातात कोअर असेल तर.

म्हणून इथे बसून हा विषय घेणाऱ्याने 'खानदेशातले स्वीट स्पॉट' असं शीर्षक घेऊ नये. त्यापेक्षा हा प्रश्न घ्या: जगातल्या तळ्यांच्या शेलचे प्रसिद्ध आकडे घेऊन एस२ ची दुरुस्ती केली, तर किती नमुने रेघेची बाजू बदलतात? याला ड्रिलिंग लागत नाही. आणि उत्तर 'फारसे नाहीत' असं आलं, तर माझी ही टीका कमकुवत ठरेल. तेही कळायला हवंच.