व्युर्ट्सबुर्गचा सोपान

बरोक राजवाड्यातील जिना हा केवळ मजला गाठण्याचा मार्ग नव्हे. अठराव्या शतकातील जर्मन दरबारांत तो स्वागताचे स्थळ होता. यजमान किती पायऱ्या उतरून सामोरा येतो, यावरून पाहुण्याची योग्यता ठरे. या जिन्यांच्या सौंदर्याचा विचार करताना हा दरबारी व्यवहार बहुधा विसरला जातो.

व्युर्ट्सबुर्ग येथील बिशप-राजांच्या प्रासादाचे बांधकाम १७२० मध्ये सुरू झाले. त्याचा वास्तुकार बाल्थाझार नॉयमान हा मूळचा तोफखान्यातला अभियंता. सोपानगृहाच्या विस्तीर्ण दालनावर त्याने एकाही मधल्या खांबाचा आधार न घेता कमानछत पेलून धरले. (१६ मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात प्रासाद जळाला, परंतु हे छत ढळले नाही.) त्याच छतावर १७५२-५३ मध्ये व्हेनिसच्या तिएपोलोने सूर्यदेव अपोलो आणि चार खंड चितारले.

तळमजल्यावरील दालन ठेंगणे व काहीसे अंधारलेले आहे. तेथून निघालेला जिना सरळ चढतो आणि पायरीगणिक छत उलगडत जाते. चढणाऱ्यास प्रथम समोर दिसते ती अमेरिका, पिसांचा मुकुट घालून मगरीवर आरूढ झालेली स्त्री. दोन्ही बाजूंना हत्तीवरील आशिया आणि उंटासह आफ्रिका. युरोप मात्र त्याच्या पाठीशी असतो. मधल्या चौथऱ्यावर जिना दुभंगून उलट दिशेस वळतो, तेव्हाच युरोप आणि त्यावर अधांतरी तोलून धरलेली बिशप-राजाची प्रतिमा दृष्टीस पडते. निपुण कथाकार रहस्य जसे राखून ठेवतो, तसे हे विलंबाचे शास्त्र आहे. वास्तूतील काळ चित्रकाराने येथे पूर्णपणे वापरून घेतला आहे.

प्रकाश आणि अवकाश यांची वाखाणणी करणारे रसिक या क्रमाबद्दल फारसे बोलत नाहीत. हा क्रम निर्हेतुक नाही. ‘रानटी’ अमेरिकेपासून निघून चढणारा अखेरीस युरोपच्या दरबारात पोहोचतो, आणि वास्तुकला, चित्रकला व संगीत यांचा मान युरोपलाच मिळतो. खुद्द नॉयमानही तेथे तोफेजवळ सुखाने बसलेला आहे. ही श्रेणी कोणी शब्दांत सांगत नाही. पाहुण्याच्या पावलांकडूनच ती वदवून घेतली जाते. भारतीय प्रेक्षकाने या सौंदर्यापुढे थोडे सावध राहिल्यास त्यास अरसिकता म्हणता येणार नाही.

तथापि तिएपोलोचा कुंचला या आज्ञेत सर्वस्वी राहिलेला नाही. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका रंगविताना पागोटी, गाठोडी, जनावरे आणि उघडी पाठ फिरवून बसलेली माणसे यांत तो रमून गेला आहे. त्या मानाने युरोपचे दृश्य नेटके असूनही काहीसे ताठर वाटते, आणि बिशप-राजाची प्रतिमा त्या अफाट आकाशात अगदीच लहान. जिना संपल्यावर दालनाभोवती फिरणारा सज्जा लागतो. तेथून प्रेक्षकाला हवे तिकडे वळता येते आणि चारही खंड कोणत्याही क्रमाने पाहता येतात.